बुजरीचे घर

मराठीत 'बुजणे' हे क्रियापद बहुधा जनावरांसाठी वापरले जाते. बैल बुजतो, घोडा बुजतो, नवी गाय गोठ्याच्या दारात बुजते. माणसाविषयी बोलताना आपण लाजाळू, भिडस्त, मुखदुर्बळ असे शब्द योजतो. परंतु त्या शब्दांत भीतीपेक्षा स्वभावाचा अंश अधिक असतो. बुजलेल्या जनावराच्या ठायी केवळ भीती असते. ते पळू पाहते. पळता आले नाही तर कोपऱ्यात शिरते. आणि कोपराही लाभला नाही तर दगडासारखे निश्चल होते. भुंकणारे कुत्रे राखणीला बरे म्हणून लोक घेऊन जातात. शेपूट हलविणारे पिल्लू मुलांना आवडते म्हणून घरात येते. बुजरे कुत्रे मात्र कोणाच्या नजरेसच पडत नाही, कारण नजरेस पडू नये हाच त्याचा अहोरात्र प्रयत्न असतो. अशा एका कुत्रीसाठी रत्नागिरीत घर शोधताना जे पाहिले आणि जे कळले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे मनात आल्यावरून हा लेख लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, आंब्याचा मोहोर ऐन भरात असताना, माझ्या भाच्याने तिला आमच्याकडे आणले. हातखंब्याच्या अलीकडे एका काजूच्या बागेच्या कुंपणापाशी ती फासकीत अडकलेली त्याला आढळली होती. कोकणात रानडुकरांचा उपद्रव फार. त्यांच्यासाठी काही लोक वाहनाच्या क्लचची तार वापरून फास लावतात. त्या फासात डुक्कर सापडते, कधी बिबट्या सापडतो, आणि कधी वाट चुकलेले गावठी कुत्रे. तार तिच्या मानेत रुतली होती. भाच्याने आणि त्याच्या मित्राने पोत्यात गुंडाळून तिला सोडविले आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. जखम भरली, टाके निघाले, रेबीजची लस टोचली, पुढे यथावकाश नसबंदीही झाली. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय एक वर्षाच्या आत-बाहेर होते. रंग तांबूस, कान उभे, अंगकाठी किडकिडीत. "मावशी, चार दिवस ठेव, मग बघू," असे म्हणून भाचा चिपळूणला आपल्या नोकरीवर गेला.

ते चार दिवस सहा महिन्यांचे झाले. आमच्या घरामागे न्हाणीघर आणि गडगा यांच्यामध्ये हातभर रुंदीची बोळकंडी आहे. तीत ती शिरून बसली. दिवसा बाहेर येत नसे. ठेवलेला भात रात्री आम्ही दिवा मालवल्यावर खाई. मी जवळ गेले की जीभ ओठांवरून फिरवी, जांभई देई, मान दुसरीकडे वळवी. आमचे 'हे' म्हणत, "अगं, हिला झोप आलेली दिसते." पण ती झोप नव्हती. कुत्र्याच्या जातीत जांभई, ओठ चाटणे, मान फिरविणे, पोटाखाली शेपूट घेणे ही सारी अस्वस्थतेची लक्षणे होत. 'मला त्रास देऊ नका, मीही देणार नाही,' असे ते प्राणी आपल्या भाषेत विनवीत असते. गुरगुरणे ही त्यापुढची पायरी. पुष्कळ घरांत गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारतात. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरण्याचे सोडते, पण त्याची भीती जात नाही. आणि मग एखादे दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता चावते. सूचना देणाऱ्यास गप्प केल्याने संकट टळत नसते.

ही भीती येते कोठून, हा प्रश्न मला पडला होता. फासकीची आठवण हे एक कारण उघडच होते. हात मानेकडे गेला की ती जमिनीला चिकटून थरथरू लागे. परंतु दुसरे कारणही असावे. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळात ज्यांचा सहवास घडतो त्यांना ते पिल्लू आपले मानते. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवडे माणसांच्या सहवासापासून दूर वाढविले होते. पुढे ती पिल्ले माणसाला इतकी भिऊ लागली की त्यांना हाताळणे दुरापास्त झाले. स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी मेन राज्यातील बार हार्बर येथे दीर्घकाळ केलेले संशोधन १९६५ साली ग्रंथरूपाने आले, त्यातही या काळाचे महत्त्व सांगितले आहे. आमची कुत्री रानालगत जन्मली असेल, तर माणसाचा मायेचा हात तिने त्या वयात पाहिलाच नसेल. ती दार बंद झाल्यावर आलेली पाहुणी होती. असे दार पुन्हा पूर्ण उघडत नाही म्हणतात. पण थोडे किलकिले होते, आणि ते आतूनच उघडावे लागते. बाहेरून ढकलून चालत नाही.

आम्हीच तिला का ठेवले नाही, असे आपण विचाराल. माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण सप्टेंबरात होते. ती वसईला फ्लॅटमध्ये राहते. आम्हा दोघांना तेथे निदान सहा महिने राहणे भाग होते. इकडचे घर बंद राहणार. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लिफ्टच्या आवाजात आणि जिन्यावरच्या वर्दळीत या जिवाला नेणे म्हणजे तिला पुन्हा फासकीत घालणे. आणि आमच्या पाठीमागे रस्त्यावर सोडणे आमच्या मनाला पटणारे नव्हते. रस्त्यावर जन्मलेले कुत्रे रस्त्याचे कायदे जाणते. जे वाहन पाहताच जागच्या जागी गोठते, त्याचा तेथे निभाव लागत नाही.

या काळात आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने मिस्सानंतर चर्चच्या आवारात मला स्पष्टच विचारले, "टीचर, माणसांना राहायला घर नाही, आणि तुम्ही कुत्र्याला घर शोधता?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, आणि तो टाळण्याजोगाही नव्हता. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात या बाबतीत दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून त्यांना दयेने वागविणे हे माणसाचे कर्तव्य आहे, त्यांना विनाकारण क्लेश देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे म्हटले आहे. त्याचबरोबर, जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम प्राण्याला देऊ नये, असाही इशारा आहे. मला ही मर्यादा मान्य आहे. पण आमच्या कुत्रीला पैसा नकोच होता. उरलेला भात, माशाचा रस्सा आणि वर्षाकाठी एक लस, एवढीच तिची गरज. तिला हवा होता तो वेळ. आणि मुका जीव असो की माणूस, एकाची वाट पाहण्यास शिकलेला मनुष्य दुसऱ्याचीही वाट पाहू शकतो, असा माझा शिक्षकी पेशातील अनुभव आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून कधीही हात वर न करणारी मुले मी पस्तीस वर्षे पाहिली आहेत. ती मुले प्रश्नांचा मारा केल्याने बोलू लागत नाहीत. त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून दुसऱ्याच कोणाची वही तपासत राहिले, की एखादे दिवशी ती आपली वही हळूच पुढे सरकवतात.

आपल्या देशाच्या कायद्यानेही या कर्तव्याची नोंद घेतली आहे. १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपणास ठाऊक असेल. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक असल्याचे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नमूद केले. रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याचे नियम २००१ साली आले, त्यांची जागा २०२३ साली नव्या नियमांनी घेतली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतील कुत्र्यांचा प्रश्न आला, तेव्हा ज्यांना कुत्री दत्तक घ्यावयाची असतील त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, परंतु एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील, असे न्यायालयाने सांगितले. हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. घर देणे हे एका दिवसाचे पुण्यकर्म नसून दहा-बारा वर्षांचा करार आहे. मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल', पुण्यात 'रेस्क्यू' यांसारख्या संस्था बेवारशी प्राण्यांना घर मिळवून देण्याचे काम करतात. लहान गावात मात्र हे काम शेजारपाजार, ओळखीपाळखी आणि दारावर येणारी मासेवाली यांच्याच भरवशावर चालते.

प्रथम एक आंबा बागायतदार आले. सज्जन गृहस्थ. बागेत वानरांचा सुळसुळाट झालेला, त्यासाठी त्यांना राखणीला कुत्रे हवे होते. "भुंकते का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सहा महिन्यांत तिचा आवाज आम्ही दोनदाच ऐकला होता. "शिकेल, साखळीने बांधली की शिकेल," असे ते म्हणाले. मानेभोवती साखळी ही कल्पनाच मला सहन होईना. मी नम्रपणे नकार दिला. ते किंचित नाराज झाले. बेवारशी कुत्र्याला कोणी न्यायला तयार होत असता नकार द्यावा, याचे त्यांना नवल वाटले असावे. आमच्या ह्यांनाही ते वाटले. "जून लागला. अशी निवड करीत बसलीस तर होणार कसे?" ते म्हणाले. दिवस कमी उरले होते हे खरे. पण माझ्या मते, धीर धरणारे घर शोधणाऱ्याने स्वतःच अधीर होऊन भागत नाही.

त्यानंतर एक तरुण कुटुंब पुढे आले. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, दोन मुलगे, एक नऊ वर्षांचा आणि एक सहाचा. मुलांना कुत्रा हवाच होता. पंधरा दिवस पाहावे, जमले नाही तर परत आणावे, असे आमचे उभयपक्षी ठरले. पहिल्याच संध्याकाळी साऱ्या इमारतीतील मुले तिला पाहावयास जमली. ती पलंगाखाली गेली. धाकट्याने तिचा पाय धरून तिला प्रेमाने बाहेर ओढले. तिने हवेत दात वाजविले, चावली नाही. त्या माउलीने मुलांना आवरले, दार बंद ठेवले, तिच्यासाठी निराळे मटण शिजविले. जे करता येण्याजोगे होते ते सारे त्यांनी केले. पण सकाळी नऊ ते सायंकाळी सहा घर रिकामे, आणि सहानंतर दूरदर्शन, पाहुणे, खेळ, आरडाओरडा. नवव्या दिवशी ते तिला परत घेऊन आले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. मुलांना ती आवडली होती, हीच तर अडचण होती. प्रेम करण्याची घाई हाही एक धाक असतो, आणि तो त्या चिमुरड्यांना कळावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

परत आल्यावर तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. रात्री खाण्याचा जो क्रम बसला होता तोही मोडला. प्रत्येक घरबदल अशा प्राण्याला मागे ढकलतो. म्हणून ज्याला बुजऱ्या जिवासाठी घर शोधावयाचे आहे त्याच्या हाती फार संधी नसतात. दोनदा परत आलेल्या कुत्र्याला तिसऱ्यांदा कोणी घेत नाही, आणि घेतले तरी ते तिसऱ्या घरावर विश्वास ठेवीत नाही.

छप्पर आणि घर यांतील फरक रत्नागिरीच्या माणसाला निराळा सांगावयास नको. ब्रह्मदेशचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. त्याच्यासाठी भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला तो भव्य राजवाडा १९१० साली पूर्ण झाला, आणि १९१६ साली राजा येथेच वारला. आपण पाहुण्यांना तो राजवाडा दाखवितो, कमानींचे कौतुक करतो. पण त्या भिंतींआड राहणारा माणूस कैदी होता. जागा देणारा आपल्या सोयीने जागा देतो. ती घर व्हावी लागते ती मात्र तेथे राहणाऱ्याच्या मनात.

जूनच्या अखेरीस आमच्या नेहमीच्या मासेवालीने वाट दाखविली. पावसाळी बंदीमुळे ताजे मासे नव्हते; ती सुकट आणि बोंबील घेऊन आली होती. बोळकंडीतून डोकावणारे दोन कान तिने पाहिले आणि म्हणाली, "बाई, हिला आमच्याकडं मिऱ्याला न्या. तांडेलकाकांकडं. त्यांचा मोती गेला गेल्या साली, तवापास्नं पडवी मोकळी हाय."

तांडेलकाका खारवी समाजातील. उभी हयात होडीवर गेली. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ते समुद्रावर जात नाहीत. घरोघरीची फाटलेली जाळी सांधून देतात. कौलारू घर, लांब पडवी, सभोवार चिऱ्यांचा छातीएवढा गडगा, वाटेवर बेडे. घरात ते आणि काकी, दोघेच. मी प्रथम एकटीच गेले. आतापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने मला एकाच जातीचे प्रश्न विचारले होते: भुंकते का, चावते का, खाते किती, घाण करते का, काही शिकली आहे का. तांडेलकाकांनी सुई थांबविली नाही, वर पाहिले नाही, आणि एवढेच विचारले, "हिला भ्या कशाचं वाटतं?"

चार महिन्यांत हा प्रश्न दुसऱ्या कोणी केला नव्हता. मी फासकीची हकीकत सांगितली, मानेची खूण सांगितली, मोठा आवाज, उंचावलेला हात, अचानक उघडणारे दार, सारे सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे जाळ्याला पण भिणार ती." माझ्या मनातील शंका त्यांनीच बोलून दाखविली. पडवीभर दोर आणि जाळी टांगलेली. ज्या प्राण्याने तारेच्या फासात रात्र काढली, त्याला येथे आणावे कसे? काकांनी त्यावर वाद केला नाही. पुढच्या खेपेस मी तिला रिक्षातून घेऊन गेले, तेव्हा सारी जाळी पडवीच्या एका टोकाला गोळा करून वर फारी टाकलेली होती, आणि दुसरे टोक मोकळे होते.

आम्ही तीन आठवड्यांत तीनदा गेलो. पहिल्या दिवशी ती तासभर माझ्या पदराआड होती. काका तिच्याकडे पाठ करून बसले होते. काकींनी लांबून भाताचा गोळा ठेवला आणि त्या चुलीकडे निघून गेल्या. दुसऱ्या खेपेस तिने तो गोळा माझ्यादेखत खाल्ला. तिसऱ्या खेपेस बाहेर पावसाने जोर धरला होता, मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाटांचे धडाके चालले होते, आणि ती थरथरत पडवीच्या कोपऱ्यात, काकांपासून चार हातांवर जाऊन बसली. मी तिला उचलू लागले तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या बाई. ती येल तवा येल."

जुलैच्या अखेरीस ती तेथे राहिली. काही गोष्टी आम्ही आधीच बोलून ठेवल्या होत्या, त्या येथे नोंदविते, कारण असा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो. पहिल्या पंधरवड्यात बुजरे कुत्रे पळून जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, म्हणून बेडे सदैव बंद ठेवावे आणि बाहेर न्यावयाचे तर मानेऐवजी छातीभोवती बांधावयाचा पट्टा वापरावा. त्याच्या अंगावर वाकू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये, बाजूने बसावे. त्याच्या लपण्याच्या जागेत कोणीही हात घालू नये. ती जागा त्याची स्वतःची असावी. अन्न रोज एकाच वेळी, एकाच भांड्यात, एकाच माणसाने द्यावे. शिजलेल्या माशांचे काटे काढावे. पाहुण्यांना दाखवावयास आणू नये. ज्या वस्तूची भीती, ती लांब ठेवावी आणि इतकी हळूहळू जवळ आणावी की त्याला जवळ आल्याचे कळूही नये. लसीची तारीख कॅलेंडरावर लिहून ठेवावी. आणि दिवस मोजू नयेत. तीन दिवसांत भानावर येते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपले वाटते, असा एक ढोबळ आडाखा प्राण्यांची देखभाल करणारे सांगतात. पण खऱ्या बुजऱ्या जिवाला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळही लागतो.

शेजारच्या मुलाच्या फोनवरून काकींचे वर्तमान येत असे. चार दिवस रात्रीच खाल्ले. अकराव्या दिवशी उंबऱ्याशी येऊन बसली. नारळी पौर्णिमेला, होड्या पाण्यात लोटण्याची गडबड चालू असता, दिवसभर तांदळाच्या पिंपामागे होती. कोणी काढायला गेले नाही. जाळ्यांचे काकांनी जे केले ते ऐकून मला एखाद्या तज्ज्ञाचे शास्त्र ऐकल्यासारखे वाटले. ते रोज सकाळी जाळ्याचा ढीग वीतभर अलीकडे ओढीत आणि तेथे बसून काम करीत. ती उठून लांब गेली, तर दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा मागे. असे करता करता गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीच्या सुमारास काकींचा फोन आला. फटाके वाजू लागले तशी ती धावत येऊन काकांच्या मांडीवरच्या जाळ्याखाली शिरली होती. तेव्हा मी वसईला होते. मांडीवर आमची दोन महिन्यांची नात होती. मी ह्यांना ही हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवताना त्यांनी दोनदा तीच ऐकली.

आपल्या पवित्र शास्त्रात तोबीतच्या ग्रंथात एक कुत्रा आहे. तरुण तोबिया आपल्या आंधळ्या पित्याच्या कामासाठी दूर प्रवासाला निघतो, देवदूत राफाएल त्याची सोबत करतो, आणि त्यांच्यामागून कुत्राही चालू लागतो. परतीच्या वाटेवरही तो त्यांच्यामागे असल्याचा उल्लेख येतो. त्या कुत्र्याने काही पराक्रम केला नाही. त्याला नावही नाही. संत रोक यांच्या कुत्र्याने प्लेगच्या आजारात त्यांना भाकरी आणून दिली अशी परंपरागत कथा आहे, आणि म्हणून चित्रांत, मूर्तींत तो त्यांच्या पायाशी बसलेला दिसतो. तोबियाच्या कुत्र्याने तसे काहीच केलेले नाही. तरीही कोणी त्याला 'तुझा उपयोग काय' असे विचारीत नाही. तो घरचा आहे, एवढे पुरे. 'काय करते?' असे विचारणारी पुष्कळ घरे मी पाहिली. 'कशाला भिते?' असे विचारणारे एक पाहिले. आपल्याकडे नवी सून येते, इस्पितळातून म्हातारे वडील परत येतात, वसतिगृहातून मूल सुट्टीत घरी येते, तेव्हाही हा दुसरा प्रश्न आपल्या तोंडी आधी आला तर बरे होईल.

फेब्रुवारीत आम्ही रत्नागिरीला परतलो, आणि मी मिऱ्याला जाऊन आले. बेडे वाजताच ती पडवीतून उठली आणि, आमच्याकडे सहा महिन्यांत दोनदाच ऐकलेला तिचा आवाज, मला पाहून पाच-सहा वेळा निघाला. काकी आतून ओरडल्या, "राणी, गप! बाई हायत त्या." त्यांनी तिचे नाव बदलले होते. मी जुन्या सवयीने 'बुजरी' म्हणून हाक मारली. तिने कानही हलविला नाही. मी बाजूने, खाली बसले. ती आली, माझा हात आणि पदर हुंगला, जरा थांबली, आणि परत जाऊन काकांच्या पायापाशी, दोर आणि जाळ्यांच्या मध्ये अंग टाकून पडली. तांडेलकाका जाळे सांधीत होते. त्यांनी वर पाहिले नाही. "च्या घ्या बाई," एवढेच म्हणाले.